राघूचं बोनेट आणि याकोब मिस्त्री

लोक आमच्या धंद्याला ठोकाठोकी म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी मुलगी देण्याआधी विचारलं होतं, "ठोकाठोकी सोडून दुसरं काय येतं?" मी म्हणालो, काही येत नाही. तरी त्यांनी मुलगी दिली, आणि पुढं स्वतःची जीप दोनदा माझ्याकडूनच ठोकून घेतली.

मी डेंटर आहे. गाडीच्या अंगाला पोचे पडतात ते काढायचे आणि वर रंग द्यायचा, हे माझं काम. नगरला स्टेशनकडं जाताना रस्त्याच्या आतल्या अंगाला गॅरेजांची एक ओळ आहे, तिथं माझी शेड. हल्ली ती पुतण्याच बघतो. मी दारात खुर्ची टाकून बसतो आणि त्यानं न मागितलेले सल्ले देतो. परवा एक गिऱ्हाईक मला ऐकू जाईल असं म्हणालं, "आता पोचे कोण काढत बसतं? अख्खा दरवाजाच नवा टाकतात." खरं आहे. नव्या गाड्यांचा पत्राही असा, की जोरात शिंकलं तरी दबेल. आमच्या वेळी टाकून द्यायचं काही नसायचं, म्हणून आम्हाला काम यायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोचा पडला की आतून एक दणका द्यायचा, झालं. तसं नसतं. पत्रा ज्या क्रमानं आत गेला, त्याच्या उलट्या क्रमानं बाहेर काढावा लागतो. सगळ्यात शेवटी पडलेली घडी सगळ्यात आधी उलगडायची. एका बाजूला लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला आम्ही डॉली म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूनं हलक्या हातानं हातोडी चालवायची. घाई केली की पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक-टक आतबाहेर करत बसतो. मग तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. काम झालं का नाही हे डोळ्यानं बघायचं नसतं. तळहाताखाली पातळ फडकं घ्यायचं, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो.

दुसरा रस्ता सोपा आहे. खड्डा तसाच ठेवायचा आणि त्यात लांबी भरायची. लांबी म्हणजे पुटी. ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. घासून गुळगुळीत केली, वर रंग मारला, की गिऱ्हाईक खूश होऊन जातं. वर्षा-दोन वर्षांनी गाडी खड्ड्यात आदळते आणि भाकरीएवढा तुकडा रस्त्यावर पडतो. नखाएवढा थर सगळेच देतात, मीही देतो, त्यात पाप नाही. पण काही लोक पत्र्याला हात न लावता लांबीनंच गाडी बांधून काढतात. त्यांना पकडायला आम्ही खिशात चुंबक ठेवतो. पत्र्याला चुंबक चिकटतं. खाली लांबीचा जाड थर असला की चिकटत नाही, पडतं. जुनी गाडी घेणारे लोक आम्हाला बरोबर नेतात ते या चुंबकासाठीच.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शेवगावचे एक गुरुजी होते, निवृत्त. गाडी न्यायला आले की लाल खडू घेऊन यायचे. जिथं त्यांना अजून पोचा दिसायचा तिथं गोल करायचे आणि बोनेटवर दहापैकी गुण लिहायचे. मला कधी सातच्या वर मिळाले नाहीत. एकदा मी म्हणालो, "गुरुजी, ही तर तुमच्याच गोठ्याच्या खांबाची खूण आहे, मागच्या वेळेला मी काढली होती, तुम्ही परत पाडली." तर म्हणाले, "मग मागचा गुन मागं. आत्ताचा आत्ता." या माणसावर मी रागवू शकलो नाही. त्यांच्या वर्गात बसलेली मुलं आता काय म्हणत असतील, एवढंच मनात यायचं.

पण मला सांगायची आहे ती राघूची गोष्ट. ती मला सांगायलाच हवी.

राघू म्हणजे एक गाडी. दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी इंग्लंडातली स्पोर्ट्‌स कार. तारांची चाकं, दोन्ही कुशींवरून क्रोमची पट्टी, आणि रंग पोपटापेक्षा गडद, ओल्या घासासारखा हिरवा. फार वर्षांपूर्वी इथल्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याची होती. बदली होऊन जाताना त्यानं ती नेवाशाच्या बाळासाहेब शेट्यांना दिली. शेटे बी-बियाण्यांचे दुकानदार. अंगानं भरलेले. ते गाडीत बसले की शेजारी फक्त त्यांची टोपी बसायची. गाडी इतकी बुटकी, की नेवाशाच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिला डोंगर वाटायचे. प्रत्येक गतिरोधकाला शेटे खाली उतरून, वाकून, गाडी कुठं घासते का ते बघायचे आणि मग पुढं न्यायचे. बायको म्हणायची, "माज्यासाटी कंदी येवढं वाकलं न्हाईत." गाडीचं नाव राघू शेट्यांनीच ठेवलं. गाडी बाईमाणूस का बाप्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

एका गळीत हंगामात शेटे राघूला घेऊन नगरकडं येत होते. पुढं उसाची ट्रॉली. ट्रॉलीवरची सगळ्यात वरची मोळी सुटली आणि सरळ राघूच्या बोनेटवर पडली. शेट्यांना खरचटलंही नाही. बोनेट मधोमध दबलं, पुढची कड मुडपली आणि आतलं कुलूप अडकून बसलं. बोनेट उघडेना. तशीच गाडी टेम्पोत घालून त्यांनी माझ्या दारात आणली.

"अशोकभाऊ," खाली उतरतानाच म्हणाले, "राघूला लागलंय हो. लई लागलंय."

मी खिशातून चुंबक काढलं. सवयच ती. मडगार्डला लावलं, टक्कन चिकटलं. दरवाजाला लावलं, चिकटलं. बोनेटला लावलं, आणि ते घसरून खाली पडलं. पोच्याच्या जागी पडलं, पोच्यापासून लांब पडलं, कडेला पडलं. अख्ख्या बोनेटवर चुंबकाला धरायला जागा नव्हती. बोटानं वाजवून बघितलं तर आवाज भद्द. लोखंडासारखा खणखणीत नाही.

"शेटे," मी विचारलं, "हे बोनेट याआधी कुणी केलंय?"

"त्या साहेबांनीच करून घेतलं हुतं, मला द्यायच्या आदी. झाडाची फांदी पडली हुती म्हनं. याकोब मिस्त्रीनं केलंय. त्यांचं नाव सांगूनच तर मला गाडी दिली."

आता याकोब मिस्त्री कोण, ते सांगितलं पाहिजे. ते माझे उस्ताद. मीच काय, आमच्या ओळीतल्या निम्म्या शेडमधले डेंटर त्यांच्या हाताखालून गेले. डावखुरे. लष्करी वर्कशॉपमध्ये काम शिकलेले, आणि तिथून बाहेर पडल्यावर आमच्याच ओळीत पहिली शेड त्यांनी टाकलेली. लांबीचा त्यांना मनस्वी राग. "माज्या हातच्या पत्र्यात लांबी सापडली तर मला देवळात घिऊ नका," असं म्हणायचे. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. आमच्याकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. त्यांच्या हाताखाली असताना मी एकदा गुपचूप वाटीभर लांबी एका दरवाजात भरली होती. त्यांनी हात फिरवला, छिन्नी घेऊन सगळी उकरून काढली आणि तो दरवाजा माझ्यापुढं ठेवून घरी गेले.

राघू माझ्याकडं आली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. शेड कधीच बंद केलेली. पण रोज पाचच्या सुमाराला काठी टेकत ओळीत यायचे. प्रत्येक शेडमध्ये थोडं बसायचे, कुणी सांगितलेलं नसताना समोरच्या गाडीवरून हात फिरवायचे आणि "हितं हाय अजून" म्हणून पुढं जायचे. मोतीबिंदूमुळं दिसायचं कमी. हाताला मात्र सगळं कळायचं.

आणि आता त्याच याकोब मिस्त्रींच्या बोनेटवर चुंबक टिकत नव्हतं.

इथं मी खरं लिहितो. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. वीस-पंचवीस वर्षं मी चांगलं काम केलं की लोक म्हणायचे, "याकोब मिस्त्रींचा हात आहे तुला." बिघडलं की माझं, जमलं की त्यांचं. तेव्हा हे बघितलं आणि वाटलं, म्हणजे तेही आमच्यासारखेच. तेही भरत होते. या विचारानं इतकं हलकं वाटलं, की मी गाडी तशीच सोडून चहाच्या टपरीवर गेलो आणि दहाजणांत म्हणालो, "याकोब मिस्त्रींनी बोनेटवर स्लॅब टाकलाय, स्लॅब! वर दोन मजले चढतील."

लोक हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत हा विनोद ओळीच्या त्या टोकाला जाऊन परत माझ्याकडं आला. ज्यानं सांगितला त्याला तो मीच केलाय हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी पाचला मिस्त्री आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला. मी मनात म्हणालो, खरं नसतं तर आले असते की भांडायला. कोणत्या तोंडानं येतील? म्हणजे त्यांचं न येणंही मी त्यांच्याविरुद्धच धरलं.

शेट्यांना मी सांगितलं होतं की बोनेटवरची सगळी लांबी फोडून काढावी लागेल. ते ऐकून त्यांनी विचार करायला सवड मागितली. राघूचं बोनेट फोडायचं म्हटल्यावर त्यांना घरी सगळ्यांशी बोलायचं होतं. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, "करा काय करायचं ते. मी बघायला येनार न्हाई."

मी ग्राइंडरला जाड चकती लावली आणि बोनेटच्या मधोमध टेकवली. हिरवा रंग उडाला, खालचा तांबडा प्रायमर उडाला. आता लांबीची भुकटी उडेल म्हणून मी तोंडाला रुमाल बांधून बसलेलो. भुकटी उडालीच नाही. पांढरंशुभ्र, चकचकीत काहीतरी दिसायला लागलं. ठिणगी नाही. लोखंड असतं तर ठिणग्यांचा फवारा उडाला असता. तरी मी दाबतच होतो. चकती जड झाली, बघतो तर तिच्या दाण्यांत चंदेरी मऊ धातू भरून बसला होता.

अॅल्युमिनियम.

अंग लोखंडी आणि बोनेट तेवढं अॅल्युमिनियमचं. पुढचं वजन कमी व्हावं म्हणून त्या कंपनीनं तसं केलं होतं. चुंबक अॅल्युमिनियमला कुठून चिकटणार? अॅल्युमिनियम मी पाहिलं नव्हतं असंही नाही. दुधाच्या गाड्यांच्या बॉड्या केल्यात मी. बोनेट नुसतं उचललं असतं तरी वजनावरून कळलं असतं, पण ते अडकलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला शोधायचंच नव्हतं. मला पाहिजे ते चुंबकानं सांगितलं होतं.

पुढच्या जाळीतून हात घालून मी कुलूप सोडवलं. बोनेट दोन बोटांनी उचललं गेलं. खालच्या अंगाला बॅटरी मारली आणि मी तिथंच खाली बसलो. ठोक्यांच्या ओळी होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणा, एकीला चिकटून दुसरी, सगळ्या डावीकडं कललेल्या. जुन्या दुरुस्तीची अख्खी जागा खालून लाकडी हातोड्यानं अशी वर आणलेली, की वरून लांबीची गरजच नव्हती. चमचाभरही लांबी नव्हती. आणि त्या कामाच्या पाठीवर मी ग्राइंडरनं हातभर लांब चरे पाडून ठेवले होते.

हात न धुताच मी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींच्या पत्नी मार्थामावशी दारात तांदूळ निवडत होत्या. मिस्त्री आत खाटेवर.

"सलाम, मावशी."

"सलाम. बरं झालं आलास," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आटवडा झाला, जेवन न्हाई नीट. नुस्तं हात बगत बसत्यात. काय झालंय ते सांगत न्हाईत."

मी आत गेलो, पाया पडलो. म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं. मी तुमच्या नावानं नको ते बोललो."

त्यांनी माझा हात धरला. रागावलेले मुळीच नव्हते. "अशोक," म्हणाले, "मला सांग, लई भरली हुती का रे लांबी?"

मला कळेना.

"मला आटवत न्हाई," ते म्हणाले. "हिरवी गाडी म्हनत्यात, साहेबाची म्हनत्यात. मी लई आटवून बगितलं. काई दिसत न्हाई. मग म्हनलं, अशोक म्हनला म्हंजे आसंल. त्यो उगं बोलनार न्हाई. भरली आसंल मी. कामाची घाई आसंल. पन मग आनखी किती गाड्यांत भरली आसंल, ते कोन सांगनार?"

मला वाटलं होतं ते रुसलेत. ते रुसले नव्हते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. स्वतःची आठवण विरत चाललीय हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी माझं बोलणं खरं धरलं. आयुष्यभर जे एक धरून ठेवलं होतं, ते टपरीवरच्या एका विनोदापायी त्यांनी सोडून दिलं होतं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही.

मी सगळं सांगितलं. चुंबक, अॅल्युमिनियम, खालच्या खुणा. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू चांगला हायेस," म्हणाले. "पन म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हनून खोटं बोलू नये."

मी उठलो, शेडवर परत आलो, बिजागरीचे बोल्ट खोलले आणि बोनेट काढून रिक्षात घातलं. रिक्षावाला म्हणाला, "काका, ह्याच्या शीटाचं पैसं येगळं पडतील." अर्धं बोनेट एका बाजूनं बाहेर, मी दुसऱ्या बाजूनं बाहेर, असे आम्ही भर दुपारी गावातून गेलो.

त्यांच्या अंगणात खाटेवर बोनेट पालथं ठेवलं आणि मिस्त्रींचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. कडेपासून सुरुवात केली. हात सावकाश मधोमध आला आणि थांबला. बोटांची टोकं त्या खुणांवरून पुढं गेली, परत मागं आली, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली.

"लाकडानं मारलंय," म्हणाले. "लोखंड लावलेलं न्हाई." मग आणखी थोडं पुढं. "हितं थांबलोय. हितं दम घेतलाय मी." मग तळवा सपाट टेकवून बराच वेळ नुसता ठेवला. "माजंच हाय की रे हे."

मार्थामावशींनी पदर डोळ्याला लावला. त्यांना काय चाललंय ते अर्धंच कळलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

मिस्त्रींनी बोनेट उलटं करायला लावलं. वरच्या अंगावर हात फिरवला तसं कपाळावर आठ्या पडल्या. बोट माझ्या चऱ्यात अडकलं होतं.

"आन ही नांगरट कुनाची?"

"माझी, मिस्त्री."

मी मार खायला तयार होतो. त्यांनी मान वळवली आणि आतल्या बाजूला हाक मारली, "मार्था, कपड्याचा साबन आन."

अॅल्युमिनियम तापवताना एक अडचण असते. लोखंड तापलं की लाल होतं, सांगून वितळतं. अॅल्युमिनियम लाल होत नाही. शांत दिसत असतं आणि एकाएकी भोक पडतं. त्यावर जुन्या मिस्त्रींचा उपाय म्हणजे साबण. पत्र्यावर साबणाची वडी चोळायची आणि खालून हळूहळू आग दाखवायची. साबण काळा पडला की आग काढायची. पत्रा तेवढाच नरम होतो, जेवढा हवा. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुधाच्या गाड्या मी अंदाजपंचे केल्या होत्या. ज्या माणसाला साहेबाची गाडी आठवत नव्हती, त्याच्या हाताला साबण बरोबर आठवला.

तीन दिवस आम्ही त्या अंगणात काम केलं. मी शेडमधून गॅसची टाकी आणि लाकडी हातोडे आणले. पहिल्यासारखा खालून ठोकळा मी धरला आणि वरून हात त्यांचा. माझ्या ग्राइंडरनं पत्रा जिथं पातळ झाला होता तिथं ते हातोडी लावू देत नव्हते. "हितं मारायचं न्हाई. आजूबाजूनं बोलवायचं त्याला. यील त्यो." दम लागला की बसायचे, पाणी प्यायचे आणि मला करायला सांगायचे. मी चार ठोके मारले की, "तुजा हात जड झालाय. लई दिवस तू खुर्चीवर बसतोयस का?" तेव्हा मी खुर्चीवर बसत नव्हतो, पण ऐकून घेतलं. उसाच्या मोळीचा पोचा निघाला. माझे चरे लाकडाच्या पट्टीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून पुसून काढले. चार ठिकाणी नखाएवढा खोलगट भाग राहिला.

"तिथं लांबी लाव," मिस्त्री म्हणाले.

"तुमच्या बोनेटवर?"

"ती तुजी जागा हाय. तू पाडलीस, तू भर."

बाकीचं काम मग माझ्या शेडमध्ये झालं. कुशीच्या क्रोमच्या पट्ट्या काढून, फळीवर सरळ करून, पॉलिश करून परत बसवल्या. समोरच्या काचेची चौकट, जाळीभोवतीची कड, दारांच्या आतले कंगोरे, जिथं जिथं रंगाचे पोपडे निघाले होते ते सगळं खरवडून नव्यानं रंगवलं. त्या हिरव्यानं माझा जीव खाल्ला. जुना रंग उन्हानं उतरलेला असतो, डब्यावरच्या नंबरानं तो मिळत नाही. थोडा काळा, थोडा पिवळा, पुन्हा थोडा काळा असं घालत जायचं, पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, वाळू द्यायचा, उन्हात नेऊन गाडीला लावून बघायचा. ओला रंग नेहमी खोटं बोलतो. अकरावा तुकडा गाडीवर ठेवला आणि तो कुठं ठेवलाय ते पुतण्याला दिसेना, तेव्हा थांबलो.

शेटे गाडी न्यायला आले. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग विचारलं, "लांबी समदी काढली?"

मी त्यांना सगळं सांगितलं. माझं हसू, टपरी, स्लॅब, काहीही लपवलं नाही. शेटे बियाणं विकणारे. खोटं बियाणं विकल्याचा आळ एकदा त्यांच्यावरही आला होता. ते म्हणाले, "मिस्त्रीला घिऊन या. राघूत बसवू."

मिस्त्रींना आणलं. राघूत बसवणं म्हणजे खाली जमिनीवर बसवण्यासारखंच, तिघांनी धरून आत ठेवलं. टोपी या वेळी शेट्यांच्या डोक्यावर राहिली. गाडी ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायाच्या वेगानं गेली आणि मी पुढं चालत गेलो. प्रत्येक शेडपुढं थांबून सांगितलं, "हे बोनेट याकोब मिस्त्रींचं आहे. यात लांबी नव्हती. जी आहे ती माझी आहे, चार ठिकाणी, या, दाखवतो." टपरीवर तर बाकावर उभा राहून सांगितलं. कुणी हसलं नाही. दोघं-तिघं हात पुसत बाहेर आले आणि मिस्त्रींच्या पाया पडले. मिस्त्री दारावरून हात बाहेर काढून हाताला लागेल त्या गाडीवरून फिरवत होते आणि म्हणत होते, "हितं हाय अजून. हितंबी हाय."

मला वाटलं, फिटलं.

पण तसं झालं नाही. राघूतली फेरी मिस्त्रींना चार दिवसांत आठवेनाशी झाली. अंगणातलं काम आठवत नाही, साबण आठवत नाही. शेटे कोण ते आठवत नाही. कसा कोण जाणे, मी घेतलेला आळ तेवढा आत कुठंतरी रुतून बसलाय. आता ते घराबाहेर पडत नाहीत. मी सुट्टीच्या दिवशी जातो. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा होतात. मग ते दाराकडं बघतात, मावशींना ऐकू जाऊ नये म्हणून माझा कान जवळ ओढतात आणि विचारतात, "अशोक, त्या हिरव्या गाडीत मी लांबी भरली हुती का रे?"

दर वेळी तोच चेहरा. दर वेळी तीच भीती.

"नाही, मिस्त्री," मी सांगतो. "अॅल्युमिनियमचं बोनेट होतं. मला कळलं नाही."

"अॅल्युमिनियम?" त्यांचे डोळे मोठे होतात. "आन तुला वजनावरनं कळलं न्हाई? गाढवा! एवढी वर्सं काय केलंस माज्याजवळ?"

मग हसतात. दात नाहीत, तरी तोंडभर हसतात. मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतात आणि माझी चूक आली की पुन्हा पुन्हा विचारतात. मागच्या खेपेलाही तसंच झालं. ऐकून झालं आणि त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून जोरात हाक मारली, "मार्था, ऐकलंस का? अशोक म्हनतो, मी भरली न्हवती."

चुलीपाशी बसलेल्या मावशींनी हे किती वेळा ऐकलंय ते त्यांनाच माहीत. भाकरी उलटायचं थांबवून त्या म्हणाल्या, "व्हय का? बाई, लई बरं झालं."